तिसऱ्यांदा विचारताना

डांबरगोळी झिजून झिजून मिरीच्या दाण्याएवढी उरली होती, आणि केंटे वस्त्राच्या घडीतून ती फरशीवर पडली तेव्हा तिचा आवाजसुद्धा झाला नाही. अद्वोआनं ती पायाच्या अंगठ्याखाली धरली. एवढीशी झाली तरी वास मात्र तेवढाच, किंबहुना जास्तच — आणि हा वास आता हॅम्बुर्गपर्यंत जाणार, विमानात शेजारी बसलेला कुणी गोरा खिडकीकडे तोंड वळवणार, आणि तिथं विमानतळावर ताचीवा मिठी मारता मारता म्हणणार, ताई, कपड्यांत अजून हेच घालतेस? जणू ही धाकटी बहीण जन्मली तीच अत्तराच्या कुपीत. जणू आईच्या याच पेटीतलं, याच वासाचं लुगडं पांघरून ती नाक गळत्या वयापासून मोठी झाली नव्हती...

तिनं केंटे पलंगावर पसरलं. हातमागावरच्या पट्ट्या एकमेकींना शिवून केलेलं, पिवळं, हिरवं, मधून काळी रेघ. हातात घेतलं की मूल उचलल्यासारखं वजन लागणारं. ताचीवानं फोनवर फोटो पाठवला होता तो दुसऱ्याच कापडाचा. मुलीकडच्या सगळ्या बायकांनी एकसारखं नेसायचं म्हणे. केंटेची नक्षी नुसती छापलेली, आणि चकाकी तर अशी की शवपेटीच्या आतलं अस्तर बरं. मागवलं कुठून, तर चीनमधून. म्हणजे ताचीवाची पोकुआ ही आशांती घराण्याची मुलगी, तिचा साखरपुडा जर्मनीत, कापड चिनी, आणि मुलगा, तो एबो, किनाऱ्याकडचा फांटी. फांटी! एका वाक्यात तीन इंग्रजी शब्द घातल्याशिवाय ज्यांना पाणीसुद्धा मागता येत नाही, त्यांच्यातला.

मी माझंच नेसणार आहे, ती स्वतःशी म्हणाली. बघू कोण काय बोलतं.

सूटकेसही ताचीवानंच कुणाबरोबर तरी धाडलेली होती. जांभळी. चार चाकांची. 'लांबून ओळखू येते गं ताई.' लांबून ओळखू येणं हेच ताचीवाचं सगळं आयुष्य. चर्चमध्ये पहिल्या ओळीत, फोटोत मधोमध, फोनवर इतक्या मोठ्यानं की पलीकडच्या माणसाला फोनची गरज नाही. अद्वोआनं घड्या घालायला घेतल्या. बाहेर हरमॅटनच्या कोरड्या वाऱ्याची धूळ आंब्याच्या पानांवर राखेसारखी बसली होती. ओठ फुटले होते. आणि तिकडे बर्फ आहे, मोजे आण, जाड आण, असं रोज बजावलं जात होतं. केंटेखाली मोजे. काय ते रूप.

पण बोलावलं होतं. बोलावणं भाग होतं, आणि हे मनात आलं की अद्वोआच्या जबड्यात काहीतरी गोडसर सुटायचं, ते ती गिळून टाकायची. 'तुझ्यासारखं बोलणारं इथं कुणी नाही, ताई.' हे मात्र ताचीवा खरं बोलली होती. जन्मभर शाळेत पाढे घोकून घेतले, पण इथं कुमासीत अद्वोआ न्यार्कोला ओळखतात ते त्यासाठी नाही. साखरपुड्याला दोन घराणी समोरासमोर खुर्च्या टाकून बसतात आणि एकमेकांशी थेट एक अक्षर बोलत नाहीत. दोन्हीकडून एकेक ओचामे उभा राहतो, घराण्याच्या तोंडून बोलणारा. मुलाकडचा म्हणतो, तुमच्या बागेत आम्हांला एक फूल दिसलं. मुलीकडून अद्वोआ म्हणते, आमच्या बागेत फुलं पुष्कळ आणि हुंगायला येणारी नाकंही पुष्कळ, आधी उशिरा का आलात ते सांगा. हशा. मग मुलाकडचे जमिनीला हात लावून माफी मागतात, आणलेल्या टोपल्या डोक्यावर घेऊन नाचत नाचत आत येतात, सेलोफेनमध्ये गुंडाळलेली साखर, तांदूळ, तेल — जणू मुलगी उपाशी मरत होती. सोंगं सगळी. अद्वोआ तिथं उभी राहून त्या घामेजलेल्या आत्या-मावश्यांकडे, त्या लग्नाआधीच दमलेल्या नवरदेवांकडे बघायची आणि तिला कुणाचंच काही वाटायचं नाही. म्हणून तर तिला ते जमायचं. ज्याला रडू येतं त्यानं ओचामे होऊ नये.

आणि मग मुलीला आणायचं. मुलाकडच्यांनी आणलेली श्नॅप्स दारूची बाटली उंच धरून सगळ्यांसमोर विचारायचं: ही माणसं ही बाटली घेऊन आली आहेत, आम्ही ती घ्यायची का? एकदा. पुन्हा एकदा. आणि तिसऱ्यांदा... तिसऱ्यांदा अद्वोआ बाटली खाली आणायची, नवरदेवाला नखशिखान्त न्याहाळायची आणि म्हणायची, "नीट बघून घे हं पोरी, घोरणारा दिसतोय. घ्यायची बाटली?" सभागृह उसळायचं. मुलगी तोंडावर हात धरून हसायची, हसता हसता मान हलवायची. तिसरा होकार कधी कुणी ऐकलाच नाही. तो हशात बुडूनच जायचा, आणि ढोल सुरू.

"बायको! दार सताड उघडं टाकून बसलीस. चोर शिरेल ना!"

कम्फर्ट. नवऱ्याची बहीण ही नवऱ्याच्याच जागी, त्यामुळे हेडमास्तर न्यार्को वारून इतकी वर्षं झाली तरी कम्फर्टच्या तोंडची ही 'बायको' काही वारली नव्हती. ती आत आली ती कडेवर मूल घ्यावं तशी एक बरणी घेऊन.

"शिरू दे," अद्वोआ म्हणाली. "तुला बघून पळेल."

"नवऱ्याशी असं बोलतात?" कम्फर्ट पलंगावर, थेट केंटेच्या काठावर बसली. "हे माझ्या लेकासाठी, क्वाकूसाठी. शितो केलाय. तिकडं मिळतो तो नुसता तेलाचा, म्हणाला, मिरची नाही, सुकी मासळी नाही..."

"एवढी मोठी बरणी? विमान खाली येईल."

"येऊ दे. समुद्रातल्या माशांना कळेल तरी आपल्या भावंडांचं पुढं काय झालं ते." आणि ती स्वतःच्याच विनोदावर खो-खो हसली, दात नसलेली बाजू दाखवत. अद्वोआनं केंटेचं टोक तिच्याखालून ओढून काढलं. या बाईला जगात कशाचंही काही वाटत नाही. भाऊ मेला तेव्हा आडवी पडून रडली, आणि संध्याकाळी मटणात मीठ कमी आहे म्हणून भांडली. हिच्या डोक्यात एका वेळी एकच गोष्ट मावते, आणि ती बहुतेक वेळा खाण्याची असते.

बरणीला चिकटपट्टीचे वेढे घालता घालता फोन वाजला. ताचीवा. पडद्यावर आधी कपाळ, मग छत, मग एक रिकामं सभागृह गरगर फिरलं.

"ताई, बघ! खुर्च्यांना सोनेरी फिती बांधणार आहेत. दिसतंय ना?"

"दिसतंय. शाळेच्या जेवणघरासारखं आहे."

"ताई!... बरं ऐक. एक सांगायचं होतं. सभागृह आपल्याला संध्याकाळपर्यंतच आहे, नंतर तिथं तुर्की लोकांचं काहीतरी आहे. आणि एबोच्या ऑफिसातले जर्मन येणारेत. त्यांना भाषा कळणार नाही, मग ते मोबाइल बघत बसतात, वाईट दिसतं. तर आपण जरा आटोपशीर करू या. ते फूल-बिल ठीक आहे. पण पोकुआला तीनदा नको विचारू. एकदाच विचार. ती हो म्हणेल, टाळ्या, अंगठी, फोटो."

अद्वोआनं चिकटपट्टी दातांनी तोडली. कम्फर्टनं तोंडाचा आ केला आणि तो झाकायचं विसरली.

"मग मला कशाला बोलावतेस?" अद्वोआ म्हणाली. "तुझ्या त्या मोबाइलात माझा आवाज भरून घे आणि लाव."

"बघ, लगेच चिडतेस."

"चिडते कसली. हसतेय."

ती खरंच हसत होती, आणि ते हसू फोन ठेवल्यावरही तिच्या चेहऱ्यावर तसंच राहिलं, वाळलेल्या साबणासारखं. एकदाच विचार! घाई तर हिला जन्मतःच आहे. पोकुआ चार वर्षांची असताना हिला जर्मनीला जायची घाई झाली, तेव्हा या दारात एका सकाळी मूल उभं केलं, हातात बिस्किटाचा पुडा, आणि टॅक्सीचं इंजिन चालूच. 'ताई, थोडे महिने.' थोडे महिने! त्या थोड्या महिन्यांत पोरीचे दुधाचे दात पडले, नवे आले, मलेरिया झाला, पाढे झाले, पहिली पाळी आली. आमच्यात आईची बहीण म्हणजे आईच, वेगळा शब्दच नाही, त्यामुळे पोरगी तिला 'माआमे' म्हणे आणि त्यात कुणाला काही खटकायचं कारण नव्हतं. अद्वोआच्या पोटी मूल नव्हतं. हेडमास्तर त्याबद्दल कधी बोलले नाहीत. चांगला माणूस होता. जेवताना प्रत्येक घास मोजल्यासारखा चावायचा आणि चावून झाला की तिच्याकडे बघून हलकेच हसायचा, आणि ती... सव्वीस वर्षं ती त्या हसण्याची वाट न बघता ताट उचलत आली.

मग ताचीवा आली. पोरगी तेरा वर्षांची. नवे पांढरे बूट आणले होते, टाचेत दिवा लागणारे. अक्राच्या विमानतळावर ती पोर त्या बुटांत उड्या मारत गेली, लाल, लाल, लाल, आणि काचेच्या दारापलीकडे वळली ती वळलीच. एकदा तरी मागे बघेल म्हणून मी... छे. मी कुठं काय. उन्हात उभं राहून मान अवघडली होती, एवढंच. पोरं अशीच असतात. बुटांना विकली जातात.

दुपारी कम्फर्ट तिथंच पलंगावर आडवी होऊन झोपली, घोरत. अद्वोआ सूटकेसच्या झाकणावर गुडघा टेकवून चेन ओढत होती तेव्हा फोन पुन्हा वाजला. ती कपाळ बघायच्या तयारीत होती. पण पडद्यावर काळोख होता, नुसता आवाज.

"माआमे?"

पोकुआ. तिची भाषा आता तोंडात गरम बटाटा धरल्यासारखी झाली होती. अद्वोआला दर वेळी वाटायचं, हिला एक चापट मारून शब्द सरळ करून घ्यावेत.

"बोल. मोजे घेतले. तुझ्या आईला सांग."

"मॉमनं सांगितलं ना तुला, एकदाच विचारायचं म्हणून?"

"सांगितलं."

"तू तीनदा विचार."

अद्वोआनं चेन सोडली.

"तिला आत्ता काही बोलू नकोस. पण तिथं उभी राहिलीस ना, की तीनदा विचार. सगळ्यांसमोर ती तुला थांबवणार नाही."

"का पण?"

"असंच." मागे कुठंतरी स्टेशनवर गाडीची सूचना चालली होती, त्या भाषेत, प्रत्येक शब्दाला दार आपटल्यासारखी. "आणि माआमे... तो घोरण्याचा विनोद असतो ना तुझा तिसऱ्या वेळी? तो नको करूस."

"लोक त्याचसाठी येतात."

"माहितीये मला. लहानपणी तुझ्याबरोबर यायचे मी, कोपऱ्यात बसून ऐकायचे. नको करूस. नुसतं विचार. आणि थांब."

"किती थांबू?"

"मी बोलेपर्यंत."

कम्फर्ट झोपेत कुशीवर वळली. अद्वोआ भिंतीकडे तोंड करून आवाज खाली आणत म्हणाली, "पोकुआ, खरं सांग. तो पोरगा हात उगारतो का तुझ्यावर?"

"नाही गं! एबो चांगला आहे. खरंच खूप चांगला आहे."

"मग?"

पलीकडची सूचना पुन्हा सुरू झाली.

"सगळे चांगलेच आहेत, माआमे," पोकुआ म्हणाली. "गाडी आली माझी. ठेवते."

चांगला आहे! अद्वोआनं सूटकेस पुन्हा उघडली, बरणी काढली, पुन्हा घातली. नवऱ्यात सांगण्यासारखं दुसरं काही नसलं की बायका हा शब्द काढतात. आणि ही शहाणी कुठली, नको असेल तर आत्ता सांगावं ना, तोंड आहे, पगार आहे, दातांच्या दवाखान्यात दुसऱ्यांचे दात साफ करून स्वतःच्या पायावर उभी आहे. दोनशे माणसं जमवून, सोनेरी फिती बांधून, मग त्यांच्यासमोर गप्प उभं राहायचं — हे कसलं नाटक? आईचंच रक्त. लांबून ओळखू यायला हवं... तिनं तो तिरस्कार नीट लावून पाहिला, जसा ती प्रत्येकाला लावायची, मापाचा, आखूड. तो पोकुआला बसेना. कुठंतरी खांद्यात अडकत होता. कोपऱ्यात बसून ऐकायचे. हो, बसायची, मांडीत फँटाची बाटली धरून, नळी चावत. सगळे हसायचे तेव्हा हीही हसायची असं अद्वोआ आजवर धरून चालली होती. हसायची का? आठवेना. त्या कोपऱ्याकडे तिनं बघितल्याचंच आठवेना.

तिनं दार लोटलं आणि खोलीच्या मध्यभागी उभी राहिली. हात वर केला, बाटली धरल्यासारखा. "ही माणसं ही बाटली घेऊन आली आहेत," ती हळू म्हणाली. "आम्ही ती घ्यायची का?" पहिल्यांदा ठीक. दुसऱ्यांदा ठीक. तिसऱ्यांदा तोंड उघडलं तर ओठ आपोआप त्या ओळखीच्या वळणावर गेले, भुवई चढली, घोरण्याचा 'घो' जिभेवर येऊन बसला. तिनं तो मागे सारला, पुन्हा सुरुवात केली. आता आवाज चर्चमधल्या घोषणेसारखा आला. पुन्हा. आता रागावल्यासारखा. इतक्या मुलींना विचारलं, आणि प्रश्न साधा विचारायचा कसा हेच...

"कुणाशी बोलतेस गं?" कम्फर्ट उठून बसली होती, गालावर उशीची नक्षी उमटलेली.

"कुणाशी नाही. ऊठ. टॅक्सी येईल."

अक्राची बस संध्याकाळची होती. कम्फर्टनं बसस्थानकापर्यंत यायचा हट्ट धरला. बायकोला नवऱ्यानं पोचवायला नको का? जांभळी सूटकेस मागे बसेना, तेव्हा टॅक्सीवाल्यानं ती टपावर दोरीनं बांधली आणि सगळ्या गल्लीला ती दिसली. रस्ता तुंबलेला. धुळीमुळे सूर्य डोळे न मिटता बघता येईल असा, उकडलेल्या अंड्याच्या बलकासारखा, टेलिफोनच्या मनोऱ्यामागे लटकलेला. कम्फर्ट बोलत होती — क्वाकू, शितो, क्वाकूची बायको, क्वाकूच्या बायकोचे केस — आणि अद्वोआ ऐकत नव्हती, कधीच ऐकत नसे, आणि तरी मधेच तिच्या तोंडून निघून गेलं:

"तुला विचारलं होतं तेव्हा तू काय विचार केलास?"

"कधी?"

"बाटलीच्या वेळी. तीनदा."

कम्फर्ट हसायला लागली. "विचार? अगं बायको, मला लघवीला लागली होती! सकाळपासून बायकांनी सजवत बसवलेलं, उठू देतायत कुठं. पहिल्यांदा विचारलं, म्हटलं हो. दुसऱ्यांदा विचारलं, म्हटलं हो हो. मनात म्हणतेय, लवकर कर रे बाबा..." ती थांबली. खिडकीबाहेर डोक्यावर पाण्याच्या पिशव्यांची पाटी घेतलेली बाई गाड्यांमधून वाट काढत होती, तिच्याकडे बघत राहिली. "तिसऱ्यांदा मात्र आईकडे बघितलं."

"मग?"

"मग काय. ती बाटल्यांकडे बघत होती. श्नॅप्स खरी आहे की पाणी भरून आणलंय ते." कम्फर्टनं खांदे उडवले. "मी म्हटलं हो."

टॅक्सी हातभर पुढे सरकली आणि पुन्हा थांबली.

तिसऱ्यांदा पोरगी कुणाकडे बघेल? ताचीवाकडे नाही, ताचीवा फोटोवाल्याकडे बघत असणार. ती माझ्याकडे बघेल. म्हणूनच तर... आणि तिला ते सगळं दिसायला लागलं: सोनेरी फिती, चकाकणारं छापील कापड नेसलेल्या बायकांची रांग, ती स्वतः खऱ्या केंटेत, हातात बाटली, विनोद नाही, ढोल नाही, ती थांबली आहे, सगळे थांबले आहेत, आणि त्या थांबण्याच्या आत, अगदी तळाशी, तिला काय हवं आहे तेही दिसलं, इतकं लख्ख की तिनं सीटची कड धरली. नाही. पोरीनं नाही म्हणावं. ताचीवाच्या त्या तोंडावर, जर्मनांसमोर, फांट्यांसमोर, बाटली तशीच परत जावी, आणि पोरीनं चालत यावं इकडे, माझ्याजवळ, मागे वळून...

पोरीसाठी हवंय हे? की ताचीवासाठी? की त्या काचेच्या दारासाठी? दुसऱ्याच्या मनातलं हलकं काय ते तिला क्षणात कळायचं, जन्मभर त्याच नजरेवर ती जगली होती. ती नजर आता आत वळवली तर तिथं माया आणि सूड एकाच रंगाचे, ओल्या कापडाच्या दोन घड्या चिकटाव्यात तसे, कुठून सोडवायला घ्यायचं ते कळेना. एबो चांगला असेलही. पोरीला कदाचित एकदा स्वतःच्या कानांनी स्वतःचा होकार ऐकायचा असेल, बस, एवढंच. आणि ती मान वर करून बघेल तर माझ्या चेहऱ्यावर उत्तर आधीच मांडून ठेवलेलं. मग ते उत्तर कुणाचं?

चेहरा रिकामा ठेवायला हवा. तिनं करून पाहिलं. भुवया सोडल्या, ओठांच्या कडांना वर्षानुवर्षं जी गाठ बसली होती ती सैल करायचा प्रयत्न केला, तर ओठच थरथरायला लागले. जबडा सोडला. गालांना काय करायचं असतं ते सुचेना.

"बायको," कम्फर्ट तिच्याकडे वाकून बघत होती, "दुखतंय का कुठं?"

"नाही."

"मग तोंड असं का केलंयस?"

"असं म्हणजे कसं?" अद्वोआनं विचारलं, आणि कम्फर्ट काय म्हणते त्यासाठी थांबली.